इम्प्लांट बसवल्यानंतरचे महिने: काय होतं, काय जपायचं, तुमचे अनुभव सांगा

मृण्मयी_क (१२ जून, रात्री ९:४०)

खालची डावी दाढ. बारा वर्षांपूर्वी रूट कॅनॉल केलेली, कॅप बसवलेली. मार्चमध्ये चिक्की खाताना कट्ट आवाज आला आणि दाढ उभी चिरली. डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं की चीर मुळापर्यंत गेलीय, आता वाचत नाही. दाढ काढली, तीन महिने जखम भरू दिली आणि परवा मंगळवारी तिथे इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाऐवजी हाडात रोवायचा टायटॅनियमचा स्क्रू, बसवलं.

बसवताना काही दुखलं नाही. भूल होती, फक्त जबड्याच्या आत घरघर जाणवत होती. पाऊण तासात मी रिक्षाने घरी. पण आज तिसरा दिवस आहे आणि गाल कालपेक्षा जास्त सुजलाय. हनुवटीच्या कडेला निळसर डाग आलाय. टाक्याचं टोक जिभेला सारखं टोचतं.

दवाखान्यातून एक छापील कागद मिळालाय. गार खा, जोरात चूळ भरू नका, धूम्रपान नको. एवढंच. चार महिन्यांनी कॅपचं माप घेणार म्हणाले. या चार महिन्यांत आत नक्की काय चालतं? सूज अशी वाढते का? जेवायचं काय? आणि ज्यांना बसवून वर्षं झालीत त्यांना विचारायचंय, तो दात आपला वाटतो का? खर्चाबद्दल नको, पैसे भरून झालेत. पुढचं सांगा.

पाटणकर_आबा (१२ जून, रात्री १०:०५)

पोरी, घाबरू नकोस. माझे दोन आहेत, २०११ पासून. तिसऱ्या दिवशी माझाही गाल असाच होता. उद्या-परवा उतरेल. झोपताना दोन उश्या घे, डोकं उंच राहिलं की सूज कमी चढते. सविस्तर सकाळी लिहितो.

दातवाली_शिल्पा (१२ जून, रात्री ११:२०)

मी दातांची डॉक्टर आहे, नाशिकला. तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

सूज साधारण ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असते, मग उतरते. म्हणजे तुम्ही आत्ता अगदी वरच्या टोकाला आहात. निळा डाग म्हणजे कातडीखाली उतरलेलं रक्त, तो हिरवा-पिवळा होत आठ-दहा दिवसांत जाईल. बर्फाचा उपयोग पहिल्या दिवसापुरता, फार तर दुसऱ्या. आता कोमट मिठाच्या पाण्याची चूळ भरा. भरा म्हणजे तोंडात घ्या, मान इकडून तिकडे कलती करा आणि बेसिनवर तोंड उघडून पाणी पडू द्या. पिचकारी मारायची नाही. स्ट्रॉही नको.

दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर उलट वाढायला लागलं, ताप आला, पू किंवा घाण चव आली, तर सोमवारची वाट बघू नका, फोन करा. आणि एक महत्त्वाचं: भूल उतरल्यावर खालचा ओठ आणि हनुवटी नेहमीसारखी झाली ना? खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून एक नस जाते. तिच्यावर दाब आला तर ओठ बधिर राहतो. ते मात्र त्याच दिवशी सांगायचं असतं.

मृण्मयी_क (१२ जून, रात्री ११:३१)

ओठ त्याच संध्याकाळी ठीक झाला. चहाचा कप लावून बघितला होता. खूप बरं वाटलं वाचून. झोपते आता.

नलूताई (१३ जून, सकाळी ७:१५)

जेवणाचं मी सांगते, यजमानांचं गेल्या वर्षी झालंय. पहिले दोन दिवस गार ताक, दही-भात मिक्सरमधून काढून, नाचणीची आंबील पूर्ण निववून. तिसऱ्या दिवसापासून मऊ गुरगुट्या भात, मेतकूट, वर साजूक तूप. मुगाच्या डाळीची पातळ खिचडी. ताकातली उकड तर उत्तमच, फक्त फोडणीतली मिरची आणि मोहरी काढून टाक. दुधीची भाजी चांगली शिजवून.

तीळ, खसखस, राजगिरा, मोहरी, रवाळ शेंगदाण्याचं कूट हे टाके निघेपर्यंत बंद. आमच्याकडे राजगिऱ्याचा एक दाणा टाक्यात जाऊन बसला होता, दोन दिवस हे बेजार. जेवायचं दुसऱ्या बाजूने.

खवय्या_नागपूरकर (१३ जून, सकाळी ८:०२)

उकडीत मिरचीच नाही तर ती उकड कसली! ताई, निदान मिरची उभी घालून नंतर काढून घेऊ द्या.

नलूताई (१३ जून, सकाळी ८:१०)

तेच लिहिलंय रे, काढून टाक म्हणून. वास उतरतो, तेवढा पुरे.

पाटणकर_आबा (१३ जून, सकाळी ९:३०)

माझं वय आता ७१. मधुमेह वीस वर्षांचा. दोन्ही इम्प्लांट खाली उजवीकडे. डॉक्टरांनी आधी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) बघितली, ती ८.९ निघाली. म्हणाले, खाली आणा, मग बोलू. मला राग आला होता. पण चार महिने चाललो, भात कमी केला, ७.२ वर आणली आणि मगच त्यांनी हात लावला. आज त्यांचे आभार मानतो. साखर जास्त असली की जखम भरत नाही आणि हाडही नीट धरत नाही.

दात आपला वाटतो का, विचारलंस. चावताना वाटतो. सुपारी सोडून सगळं खातो. पण एक फरक आहे आणि तो कुणी आधी सांगितला नव्हता. आपल्या दाताला बारीक खडा लागला तर लगेच कळतं. या दाताला कळत नाही. तांदळातला खडा कराकरा चावला जातो, मग बाकीचे दात सांगतात. सवय व्हायला मला वर्ष लागलं.

दातवाली_शिल्पा (१३ जून, दुपारी १:४५)

आबांनी अचूक सांगितलं. नैसर्गिक दात हाडात थेट रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पदर असतो, तो गादीसारखं काम करतो आणि जाणीवही त्यातूनच होते. इम्प्लांटला तो पदर नाही. हाड सरळ टायटॅनियमला येऊन भिडतं.

चार महिन्यांचं उत्तरही त्यातच आहे. पहिल्या दिवशी इम्प्लांट घट्ट असतं ते केवळ स्क्रूच्या आट्यांमुळे, लाकडात स्क्रू बसतो तसं. मग शरीर त्या आट्यांना टेकलेलं जुनं हाड थोडं थोडं काढून टाकतं आणि जागी नवं हाड घालतं. जुनं सैलावलेलं आणि नवं अजून कच्चं, अशी एक वेळ येते. साधारण तिसरा-चौथा आठवडा. नेमकं तेव्हाच रुग्णाचं दुखणं संपलेलं असतं, सूज गेलेली असते, आणि त्याला वाटतं झालं सगळं. तेव्हा कोणी त्या बाजूने ऊस सोलला किंवा जिभेने सारखं ढकलत राहिलं, तर बारीक हालचालीने हाडाऐवजी मऊ तंतू वाढतात आणि इम्प्लांट धरत नाही. खालच्या जबड्यात हाड दाट, म्हणून साधारण तीन-चार महिने. वरच्या जबड्यात हाड भुसभुशीत, चार ते सहा.

रानवारा (१३ जून, रात्री १०:५०)

हे वाचून लिहायचं ठरवलं. माझं निघालं.

खालचीच दाढ होती. टाके निघाले, दहाव्या दिवशी मी ठणठणीत. डॉक्टरांनी सिगारेट आधी दोन आठवडे आणि नंतर दोन महिने बंद सांगितली होती. मी आधी बंद ठेवली. नंतर तीन आठवड्यांनी ऑफिसखाली दिवसाला दोन सुरू झाल्या, मग पाच. काही दुखत नव्हतं. सातव्या आठवड्यात ब्रश करताना हिरडीवरची धातूची टोपी (कॅप बसेपर्यंत इम्प्लांटचं तोंड झाकते ती) हलल्यासारखी वाटली. मला वाटलं टोपी सैल झाली. डॉक्टरांनी टोपी पिळून घट्ट करायला घेतली तर खालचं इम्प्लांटच सोबत फिरलं. दोन बोटांत धरून त्यांनी ते बाहेर काढलं, भूल न देता. दुखलं नाही. रक्तही फारसं नाही. ट्रेमध्ये ठेवल्यावर टिंग असा आवाज आला तो अजून कानात आहे.

माझ्या डॉक्टरांचा दोष नाही. त्यांनी सांगितलं होतं. मला वाटायचं, बिघडलं तर दुखेल. दुखत नाही, हे मला माहीत नव्हतं.

मृण्मयी_क (१३ जून, रात्री ११:१५)

रानवारा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी कालपासून जिभेने ती टोपी चाचपत होते. बंद करते. तुमचं पुढे काय? पुन्हा बसवता येतं का?

रानवारा (१३ जून, रात्री ११:२२)

येतं म्हणालेत. हाड भरायला काही महिने द्यायचे. आधी सिगारेट पूर्ण सुटू दे, मग.

रोखठोक (१४ जून, सकाळी १०:००)

वेगळं मत मांडतो. एका दाढेसाठी चार महिने, एवढा पैसा, वर पथ्य. माझा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला खोटा दात, आठ दिवसांत झाला, सतरा वर्षं टिकलाय. हल्ली जो तो इम्प्लांटच सुचवतो. गरज सगळ्यांना असते का?

दातवाली_शिल्पा (१४ जून, दुपारी २:१०)

नसते. ब्रिज वाईट नाही. शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच मोठी सिमेंटं किंवा कॅपा असतील, तर मी स्वतः ब्रिज सुचवते. पण शेजारचे दात निरोगी असतील तर एका दातासाठी दोन चांगले दात घासून बारीक करायचे, हे मला पटत नाही. आणि काढलेल्या दाताच्या जागचं हाड ब्रिजखाली वर्षानुवर्षं झिजत राहतं. सतरा वर्षं टिकलाय म्हणजे तुम्ही दात नीट घासता.

रोखठोक (१४ जून, दुपारी २:४०)

तेवढं खरं, रात्रीचा ब्रश चुकवत नाही. माझे शेजारचे दोन्ही दात आधीच रूट कॅनॉलचे होते, हे लिहायचं राहिलं. पण सगळ्या डॉक्टरांनी तुमच्यासारखे दोन्ही पर्याय समोर ठेवले पाहिजेत, एवढंच म्हणणं आहे.

गोथेनबर्गची_वहिनी (१४ जून, संध्याकाळी ६:३०)

मी स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला राहते. हे इम्प्लांट आमच्या गावचं! पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे पुढे इथे प्राध्यापक होते. १९५२ च्या सुमारास ते हाडातलं रक्ताभिसरण बघायला सशाच्या पायात टायटॅनियमची बारीक नळकांडी बसवायचे. प्रयोग झाल्यावर ती काढायला गेले तर निघेनात, हाडाने धरून ठेवली होती. शोध दातांसाठी नव्हताच. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला दात बसवले, गोस्टा लार्सन त्याचं नाव. जन्मापासून त्याच्या जबड्यात दोष होता, धड खाता-बोलता येत नव्हतं. तो २००६ मध्ये गेला, तोपर्यंत त्याने तीच इम्प्लांटं वापरली. चाळीस वर्षं! आणि तरी बाकीच्या जगाचा विश्वास बसायला १९८२ ची टोरंटोची परिषद उजाडावी लागली.

माझ्या सासूबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, सशाला विचारलं होतं का कुणी.

अहिंसा_परमो (१४ जून, रात्री ८:४५)

सासूबाईंचा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. माझा प्रश्न त्याच्या जवळचा आहे. माझ्या वडिलांना हाड कमी म्हणून आधी हाडाची भुकटी घालणार आहेत. ती कशाची असते? आम्ही जैन आहोत. विचारायला संकोच वाटला.

दातवाली_शिल्पा (१४ जून, रात्री १०:००)

संकोच अजिबात करू नका. जास्त वापरली जाणारी भुकटी गाईबैलांच्या हाडापासून, प्रक्रिया करून बनवलेली असते. वरून झाकायचा पडदा बऱ्याचदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजेनचा असतो. पण संपूर्ण कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटची भुकटीही मिळते, कृत्रिम पडदेही मिळतात, आणि रुग्णाचं स्वतःचं हाड जबड्याच्या मागच्या भागातून घेता येतं. आधी सांगितलं तर डॉक्टर तशी तयारी करतात. खरं तर हे आम्हीच विचारायला हवं. मी सहमतीच्या कागदावर ही ओळ घातली आहे, हिंदू, मुस्लिम, जैन, सगळ्यांसाठी.

अहिंसा_परमो (१४ जून, रात्री १०:१२)

खूप खूप आभार. उद्याच फोन करतो.

कोकणकन्या (१५ जून, दुपारी १२:२०)

वरच्या दाढांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वरच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या मागे, वरच्या जबड्याच्या हाडातली पोकळी असते, सायनस. माझं हाड फक्त चार मिलिमीटर उरलं होतं, म्हणून पोकळीचं अस्तर वर उचलून खाली भुकटी भरली. नंतर दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. फुगा फुगवायचा नाही. मला सर्दीची सवय, त्यात चिपळूणचा पाऊस. धुळीने शिंका नकोत म्हणून मी त्या दिवसांत माळ्यावरचं काहीही काढू दिलं नाही घरात. तिसऱ्या दिवशी नाकातून थोडं रक्त आलं, तेवढं चालतं असं आधीच सांगितलं होतं म्हणून धीर राहिला. एकूण दहा महिने लागले. आज दोन दात आहेत आणि मी त्यांनी सुके बोंबील खाते.

शैलेश_ठाणे (१५ जून, रात्री ९:१०)

एक इशारा. आईला हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा शिरेतून औषध देतात. इम्प्लांटच्या डॉक्टरांनी "कुठल्या गोळ्या चालू आहेत" विचारलं, आईने बीपीची सांगितली. इंजेक्शन ही गोळी नाही, म्हणून सांगितलंच नाही! नशिबाने मी सोबत होतो. डॉक्टर लगेच थांबले, हाडांच्या डॉक्टरांशी बोलले. ते औषध हाडाची झीज थांबवतं, पण त्यामुळे जबड्याची जखम क्वचित भरत नाही, हाड उघडं पडतं. घरातल्या आज्या-आयांसोबत जा आणि इंजेक्शनसुद्धा सांगा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांचंही तसंच. सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

विमानवेडा (१६ जून, सकाळी ८:३०)

मला इम्प्लांट आहे, विमानतळावरचं यंत्र कधी ओरडलं नाही. बायको म्हणते, तोंडातून एवढं बोलणं बाहेर पडतं त्यात धातू लपून जातो.

एमआरआयलाही अडचण आली नाही. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, आधी सांगितलं की झालं.

मृण्मयी_क (२० जून, संध्याकाळी ५:५५)

आज टाके काढले. चिमट्याने उचलून कात्रीने कट्, मुंगी चावल्याएवढंच. सूज सहाव्या दिवशी गेली. तोंड धुवायच्या औषधाने दातांवर तपकिरी डाग पडलेत, ते सफाईत निघतील म्हणाले. डॉक्टरांकडून इम्प्लांटचं स्टिकर मागून घेतलं, कंपनी, मापं आणि बॅच नंबर असलेलं. उद्या गाव बदललं तर नव्या डॉक्टरला कुठला स्क्रू ते कळायला हवं. फाइलला चिकटवलंय.

पाटणकर_आबा (२१ जून, सकाळी ९:१५)

शाबास. आता पुढच्या वर्षांचं सांगतो, कारण ते कुणी लिहीत नाही. २०१८ मध्ये माझ्या मागच्या इम्प्लांटभोवतीची हिरडी ब्रश करताना रक्त टाकायला लागली. दुखत नव्हतं, म्हणून मी आठ महिने गेलो नाही. गेलो तेव्हा एक्सरेत इम्प्लांटच्या वरच्या तीन आट्यांजवळचं हाड गेलेलं. हिरडी उघडून साफसफाई करावी लागली. गेलेलं हाड परत आलं नाही, पण तिथेच थांबलं.

या दाताला कीड लागत नाही, म्हणून लोक समजतात घासायची गरज नाही. हिरडी आणि हाड आपलंच असतं. तेव्हापासून रोज रात्री बारीक बाटलीच्या ब्रशसारखा छोटा ब्रश कॅपच्या दोन्ही कडांनी आत घालतो, दर सहा महिन्यांनी दाखवतो. आणखी एक, शेजारचे आपले दात वयानुसार पुढे सरकतात, इम्प्लांट सरकत नाही. त्यामुळे काही वर्षांनी फट पडते आणि पालेभाजी अडकायला लागते. कॅप बदलून फट बुजवता येते. माझी बदलली.

रानवारा (२ सप्टेंबर, रात्री ९:००)

धागा वर काढतो. सिगारेट सुटून एकोणऐंशी दिवस.

नलूताई (२ सप्टेंबर, रात्री ९:०४)

देव तुझं भलं करो. गणपतीत मोदक खायला ये.

मृण्मयी_क (१९ ऑक्टोबर, रात्री १०:३०)

कॅप बसली आज.

सप्टेंबरच्या शेवटी एक्सरे काढला. डॉक्टरांनी धातूच्या टोपीवर आरशाच्या दांड्याने टकटक केलं. घट्ट, वर चढता आवाज, स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवावा तसा. म्हणाले, हा आवाज ऐकायला मला आवडतो, धरलंय. मग माप घेतलं. आज कॅप लावली तेव्हा हिरडीवर जोराचा दाब आला, हिरडी पांढरी पडली, पाच-सात मिनिटांत पुन्हा गुलाबी झाली. छोट्या पान्याने स्क्रू पिळला, पान्याने ठरलेल्या जोराला कट् आवाज दिला. वरच्या भोकात मऊ पट्टी आणि दाताच्या रंगाचं सिमेंट. रंगीत कागद चाववून तीनदा घासलं, जोराने चावल्यावरच टेकेल इतकंच ठेवलं. मी रात्री दात खाते म्हणून झोपताना घालायचं पारदर्शक आवरणही दिलंय.

आबा, तुम्ही म्हणालात ते आजच कळलं. भाकरीचा घास त्या बाजूने घेतला आणि चावला जातोय हे कानाला कळलं, दाताला नाही. गाल चावला गेला दोनदा, सात महिने तिथे मोकळी जागा होती ना. गालाला नवीन शेजारी आलाय. आणि मेथीचं पान अडकतंय मागच्या बाजूला. हे चालायचं का?

दातवाली_शिल्पा (१९ ऑक्टोबर, रात्री ११:००)

गाल आठ-पंधरा दिवसांत शिकेल. मेथी मात्र रोज एकाच जागी अडकत असेल तर चालवून घेऊ नका. दोन दातांमधला स्पर्श सैल असेल तर नवीन कॅपला तो प्रयोगशाळेतून दुरुस्त करून मिळतो. तुमची स्क्रूवाली आहे, काढून घालता येते. आठवडाभरात दाखवा. दोन-तीन महिन्यांनी तिथे जरा जरी हलल्यासारखं वाटलं तर बहुधा स्क्रू सैल झालेला असेल. घाबरू नका, पण चावत राहू नका, लगेच पिळून घ्या.

पाटणकर_आबा (२० ऑक्टोबर, सकाळी ६:५०)

अभिनंदन पोरी. छोटा ब्रश घेताना दवाखान्यातच आत घालून बघ, सैल जाणारा नको आणि जोर लावावा लागणारा नको. तार प्लास्टिकने मढवलेली घे, धातूवर ओरखडे पडत नाहीत.

रानवारा (२० ऑक्टोबर, दुपारी ४:१५)

माझं दुसऱ्यांदा, येत्या सोमवारी सकाळी अकराला. सिगारेट नाही. गार ताक, मेतकूट आणून ठेवलंय. थोडी धाकधूक आहे.

मृण्मयी_क (२० ऑक्टोबर, दुपारी ४:२०)

सोमवारी संध्याकाळी भूल उतरली की ओठाला कप लावून बघा आणि इथे लिहा. मी जागी आहे. तिसऱ्या दिवशी गाल सुजेल, तेव्हाही लिहा. आणि चौथ्या आठवड्यात तर रोज लिहा.